तीन महिन्यांपुरती भिंगरी

१ फेब्रुवारी

उभी केली एकदाची! बागेच्या मागच्या फाटकापाशी, डावीकडच्या हिरवळीवर. चौघांनी धरली, शिव्या मी घातल्या. पाच फूट दोन इंच. आमच्या भिंगरीची नेमकी उंची — पण हे घरी हिला सोडून कुणालाच ठाऊक नाही. फलकावर एवढंच : ‘धावणारी मुलगी. स्थानिक कलाकार.’ तीस वर्षं खिडक्यांच्या जाळ्या करतोय आणि आता कलाकार! हसू आलं.

घरी येऊन हिला म्हटलं, चल, बघून ये. “लोखंडाची पोर मला नको.” एवढंच बोलली आणि भांडी घासायला लागली.

४ फेब्रुवारी

उद्यान अधिकारी बाई आल्या होत्या. वाकून पाय बघितले आणि कपाळाला हात लावला. “अहो काका, नट-बोल्टवर उभी करा म्हटलं होतं ना? तीन महिन्यांनी उचलायचीय!”

हात आपोआप चालला. जाळी नट-बोल्टवर बसवली की चोर पान्याने सोडवून नेतो, म्हणून आमच्या धंद्यात सगळं वेल्डिंग. तसेच भिंगरीचे दोन्ही पाय काँक्रीटमधल्या पट्टीला पक्के करून टाकले. आता काढायची तर घोट्यातून कापावी लागणार. मूर्ख आहे मी. शुद्ध मूर्ख.

११ फेब्रुवारी

सकाळी फिरायला येणारे एक आजोबा मला बघून थांबले. “पुतळा कुणाचा हो? खाली नाव नाही, तारीख नाही!” म्हटलं, कुणाचा नाही. दुसऱ्याने विचारलं, बंगल्याचं फाटक करून द्याल का? झाला कलाकार!

२ मार्च

शाळा सुटली की पोरं तिच्या हाताला दप्तरं अडकवतात आणि खेळायला पळतात. माळी ओरडत होता. म्हटलं, असू दे रे. बरं वाटलं मला.

घरी येऊन हिला ते सांगितलं, तर उठून आत गेली. भिंगरीच्या अपघाताला दोन वर्षं झाली. दोन वर्षं कामापुरतं बोलते माझ्याशी. मीठ संपलं. गॅस आला. दुःख आहे, मान्य! पण माझी कुणीच नव्हती का ती? वाटलं होतं, ही बागेत येईल, बघेल, रडेल, मग दोघं तिथेच बाकावर बसून रडू. दोन वर्षांत एकदाही एकत्र रडलो नाही. त्यासाठीच केला हा सगळा खटाटोप. कलेबिलेसाठी नाही.

१९ मार्च

आज परत विचारलं. नाही म्हणाली.

१७ एप्रिल

अर्ज घेऊन बाईंच्या ऑफिसात गेलो. मुदत वाढवा म्हटलं. त्या जागेवर चित्रकलेच्या मास्तरांची कापडाची झाडं येणार आहेत म्हणे. “तात्पुरतं म्हणजे तात्पुरतं, काका. सगळ्यांची पाळी यायला हवी.” बरोबरच आहे त्यांचं. तरी राग आला.

शेवटी सांगून टाकलं — ती माझी मुलगी आहे.  बाई हळूच म्हणाल्या, “आधी बोलला असता तर मी घेतलीच नसती. मुदतीच्या जागेत आपलं माणूस कशाला उभं केलंत?”

 अर्ज खिशातच राहिला.

२८ एप्रिल

ग्राइंडरला नवी चकती बसवली. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, मीच कापणार.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, परवा काढतोय. एकदा तरी बघ गं. वर न बघता म्हणाली, “किती वाजता?” साडेदहा, म्हटलं.  कशाला विचारलं, कोण जाणे!

३० एप्रिल

गुडघ्यांवर बसलो, चकती घोट्याला लावणार तोच ही समोर. एकटी, चालत आलेली, घामाघूम. पोरीच्या तोंडावरून, पाठीवरून हात फिरवत राहिली. मी म्हटलं, तू घरी जा, तुला बघवणार नाही.

“त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात हेच म्हणालात तुम्ही. आत जाऊच दिलं नाहीत. माझ्या पोरीला मी शेवटचं पाहिलं नाही.”

आणि मी दोन वर्षं समजत होतो, हिला वाचवलं. मशीन खाली ठेवलं आणि दोघींना एकटं सोडून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो.