घशात काहीच नव्हतं

मॅडम, दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून आलेली ती कोळीण तुम्हाला आठवत असेल. नव्वदच्या दशकातलं बेलापूर, सरकारी कचेऱ्यांच्या मागे तुमचं दोन खोल्यांचं समुपदेशन केंद्र, आणि मी तुमच्या हाताखाली शिकायला लागून जेमतेम दोन महिने झालेले. बाजारात हाका मारून मासळी विकणारी ती बाई, आणि महिनाभर तिचा आवाजच गेलेला. नुसती कुजबुज. 'घशात दोष नाही' अशी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून मी तिला म्हणाले, "मावशी, घसा ठीक आहे. हे सगळं तुमच्या मनात आहे." ती उठलीच. "म्हंजी मी नाटक करतंय?"

तुम्ही तिला हाताला धरून बसवलंत. "नाटक नाही. आवाज खरंच गेलाय. कुठे अडकतं, हात ठेवून दाखवा." तिने गळ्यावर हात ठेवला आणि हळूहळू सांगितलं. भांडणात ती नवऱ्याला म्हणाली होती, 'जा, परत तोंड दाखवू नको.' तो होडीवर गेला, आणि तिथेच छातीत कळ येऊन गेला.

ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. "मनात आहे म्हणजे खोटं आहे, हे तुला कोणी शिकवलं? लाज वाटली की गाल लाल होतात, ते मनात की गालावर?" मला राग आला होता, आणि गाल चांगलेच तापले होते.

मग ती दर आठवड्याला येते. तुम्ही तिला आधी नुसतं खोकायला लावता, नंतर तोंड मिटून हुंकार द्यायला. खोकल्याला आवाज आहे, हे तिचं तिलाच ऐकू येतं. पाचव्या की सहाव्या खेपेला हुंकार लांबतो, फुटतो, आणि ती मोठ्याने रडू लागते. मी पुढे होते, तुम्ही डोळ्यांनीच मला थांबवता. रडता रडता ती नवऱ्याशी बोलते, अख्ख्या केंद्राला ऐकू जाईल असं, "रागात बोल्ले रं मी. तू घरी यायचं व्हतंस."

पुढे एकदा बाजारात पलीकडच्या टोकावरून तिने मला हाक मारली, "ओ डाक्टरीनबाई!" सगळे वळून बघत होते. मी डॉक्टर नव्हते, पण इतका आनंद मला कुठल्याच पदवीने दिला नाही.

आज माझ्यासमोर कोणी येऊन बसलं की मी आधी विचारते, कुठे जाणवतं. हा प्रश्न तुमचा आहे. त्यावर माझं आयुष्य उभं आहे, आणि तुम्ही असताना मी ते बोलले नाही.

हे पत्र वहीतच राहील, म्हणून लिहिते. त्याच वर्षी माझी आई गेली होती. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी केंद्राचा जिना चढताना पोटात कळ यायची, आणि 'मनातलं आहे, गप्प बस' असं मी स्वतःला दटावायचे. तुम्ही त्या कोळणीला समजावत होतात, तेव्हा टेबलाखाली माझा हात पोटावर होता.