कूटचा देखावा मोडू नये म्हणून

मी, सुरेश श्यामराव दळवी, वय एकसष्ट, व्यवसाय पाइपिंग इंजिनिअर, मूळ राहणार सातारा, हल्ली मुक्काम अल रय्यान, कतार, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वीचे असे कोणतेही लिखाण आजपासून रद्द समजावे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. जाहिदा यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण माझे मेहुणे मिहीर यांचे मत बराच काळ वेगळे होते. साठी ओलांडलेला माणूस गॅलरीत बसून शिसे वितळवतो आणि खेळण्यातले शिपाई ओततो, हे त्यांना शहाणपणाचे लक्षण वाटत नसे.

कलम १. साताऱ्याचे घर आतल्या सर्व सामानासह माझी पत्नी सौ. गौरी हिला मिळावे. इथल्या बँकेतल्या शिलकीची व्यवस्था वकिलामार्फत स्वतंत्रपणे केली आहे. गौरीने माझ्याइतकाच माझ्या पलटणींशी संसार केला. "अहो, पाहुण्यांना बसवू कुठे? सोफ्यावर घोडदळ वाळतंय," असे म्हणायची आणि घोडे न हलवता पाहुण्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवायची. तिच्या हक्कात कोणी वाटेकरी नाही.

कलम २. विकत घेतलेले सैनिक, म्हणजे काचेच्या कपाटातले सगळे, विकावेत किंवा वाटून टाकावेत. माझी हरकत नाही. लष्करी इतिहासाची पुस्तके मराठी मंडळाच्या वाचनालयाला द्यावीत. कुंचले, भिंग, साचे आणि लहान भट्टी माझी मुलगी नुपूर हिला. ती मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते, पण घोड्याचा डोळा माझ्यापेक्षा चांगला रंगवते.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. ही समजण्यासाठी थोडे मागचे सांगणे भाग आहे.

कतारला आल्यावर इथल्याच एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला शिशाच्या सैनिकांचा खोका मिळाला. पहिल्या महायुद्धातली इराकची मोहीम. त्यात गोरे अधिकारी होते, तोफा होत्या, आणि हिंदुस्थानी माणूस एकच होता. तो घोडा धरून उभा होता. मी वाचायला घेतले. तेव्हा कळले की मुंबईहून याच आखातातून बोटी बसऱ्याला गेल्या होत्या आणि त्यांत मराठा पलटणी होत्या. पुढे टायग्रिसकाठच्या कूट या गावात पुणे डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला. हिवाळा सरून उन्हाळा आला तरी तो उठला नाही. माणसांनी घोडे कापून खाल्ले आणि शेवटी शस्त्रे खाली ठेवली. आमच्या भागातली किती पोरे तिथे गेली असतील! आणि खोक्यात त्यांच्यातला लढणारा एकही नाही. म्हणून मी स्वतः ओतायला शिकलो. हात भाजले, पागोट्याचे पीळ चुकले, पुन्हा ओतले. पुऱ्या टेबलाएवढा कूटचा देखावा उभा केला.

आमच्या छंद मंडळाच्या प्रदर्शनात त्या वेळचे अध्यक्ष म्हणाले, "तुमचे शिपाई मागच्या रांगेत ठेवा, पुढे ओळखीच्या रेजिमेंट बऱ्या दिसतात." मी ठेवले नाहीत. त्या गृहस्थांना माझ्या संग्रहातले एक घोड्याचे शेपूटही मिळू नये, हे इथे नमूद करतो.

त्याच प्रदर्शनात इब्राहीम आला. तोही इंजिनिअर, इराकी. बराच वेळ वाकून बघत राहिला. मग मला म्हणाला, "हे माझं गाव आहे. इथली माणसं कुठायत?"

मी शिपायांकडे बोट दाखवले.

"हे तुझे," तो म्हणाला. "माझे कुठायत? माझ्या आजीची आई त्या वेढ्यात होती. नदीवर पाण्याला जायची."

मी घरे केली होती, खजुराची झाडे केली होती, रेझिनची नदी ओतली होती. गावात गावकरी एकही नव्हता. ज्या अन्यायाचा मला इतका राग होता, तोच माझ्या टेबलावर होता. त्या दिवशी बक्षीस मिळाले. मी घ्यायला थांबलो नाही.

पुढची दोन वर्षे इब्राहीम आणि त्याची बायको नबीला शुक्रवारी आमच्याकडे येत. मी गावकरी घडवायला घेतले; तो गल्ल्या सांगे, रोट्या भाजणारा भट्टीवाला सांगे. नबीला चिकणमातीचा नमुना हातात घेऊन म्हणे, "खलास, मोडून टाक. भरलेलं भांडं बाई अशी धरत नाही." मी मोडून पुन्हा करी. "तुमच्या शिपायांनी शस्त्रं ठेवली, अबू नुपूर," इब्राहीम मला अरबी रीतीने नुपूरचा बाप अशी हाक मारत एकदा म्हणाला, "पण माझ्या गावाचे हाल तेव्हाही संपले नाहीत. परत आलेल्या तुर्की फौजेने गावातल्यांना फासावर दिलं." तेही मी वाचले होते. वाचून पुढे गेलो होतो.

कलम ४. यंदा एका संग्राहकाने शिपाई मागितले. चांगली किंमत देणार, पण गावकरी नकोत म्हणाला. मिहीर तो निरोप घेऊन आले तेव्हा नबीला घरी होती. तिने त्यांना नदीकाठची बाई दाखवली. "हिचं नाव कुणाला आठवत नाही," ती म्हणाली. "ती पाण्याला जायची, एवढंच घरात सांगतात." मिहीर खुर्ची ओढून बसले. चहा निवला तरी उठेनात. मग म्हणाले, "दाजी, त्या माणसाला मी नकार कळवतो."

म्हणून लिहितो: हा देखावा शिपायांसह, गावकऱ्यांसह, नदीसह, अखंड इब्राहीमला द्यावा. तो नोकरी संपवून कूटला परत जात आहे. तिथल्या शाळेत देखावा ठेवायचा आहे. त्याने एक अट घातली आणि मला ती मान्य आहे. खालच्या पाटीवर अरबी आणि मराठीत लिहावे. आधी गावकरी, मग शिपाई.

कलम ५. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी मिहीर यांनाच नेमतो. त्यांनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला, "देखाव्याच्या पेट्या इराकच्या सीमेवर अडवल्या तर?"

"तर तिथेच बसायचं. परत आणायच्या नाहीत."

"बसेन," ते म्हणाले, आणि पेट्यांची मापे घ्यायला उठले.

वरील मजकूर वाचून, समजून मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. इब्राहीम साक्षीला तयार होता, पण ज्याला मिळायचे त्याने साक्ष देऊ नये.

सही: सुरेश श्यामराव दळवी

साक्षीदार:
१. शौनक विनायक गद्रे, शेजारी
२. स्वानंद मोरेश्वर टिपणीस, सहकारी

ठिकाण: अल रय्यान, कतार
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५