टबाची दुसरी कडी

वाणगाव,
१२ ऑक्टोबर २०१७

प्रिय सोमी,

तू बरी असशील असं धरून चालते. तुझ्या माणसाला नमस्कार, नविनला आशीर्वाद, अन् तुला दंडावर एक चिमटा, जिथे तुला सगळ्यात जास्त लागतो तिथे.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाय. फोन करून थकले म्हणून लिहिते. दर वेळी तुझा नविन उचलतो अन् सांगतो, "मावशी, आई भांडी घासतेय." सकाळी केला तरी भांडी, दुपारी केला तरी भांडी. तलासरीला जाऊन खाणावळ काढलीस काय गं? मग आम्हाला जेवायला तरी बोलव.

इकडे भात कापायला आलंय. तुमच्या बंद घराच्या पडवीत माझ्या कोंबड्या अंडी घालतात. तुझ्या पडवीचं भाडं म्हणून अर्धी अंडी बाजूला ठेवायची ठरवलेली, पण संध्याकाळी भूक लागते, मग भाडेकरूच मालकाचा वाटा खातो.

अक्षर वाकडं दिसेल. सातवीत गुरुजींनी माझी वही सगळ्या वर्गात फिरवलेली अन् तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, आठवतंय? आता खूश हो, तुझं अक्षर चांगलं ठरलं. मी पालथी पडून लिहिते. बसलं की कमरेतून कळ निघते ती मांडीपर्यंत. त्याच्या खाली डाव्या पायाला काय कळतच नाय. परवा चुलीतला निखारा उडून पायावर पडला. मला वास आला तेव्हा कळलं. निर्मला बाहेरून ओरडते, "आई, बोंबील करपला!" मी म्हटलं, बोंबील नाय गं बाय, तुझी आई करपली. दोघी हसलो. मग ती रडत बसली. पोरीला विनोद कळत नाय, बापावर गेलीय.

डहाणूच्या डॉक्टरने सांगितलंय, मणका आत दाबला गेलाय, ऑपरेशन नाय केलं तर दुसरा पायही असाच होणार. ऑपरेशन मुंबईला. कंपनीने भरपाई दिली तरच ते होणार, नायतर नाय. म्हणून तर ही केस. आता ठाण्याच्या कोर्टात माझी तारीख आहे. देवेश वकील, ते युनियनचे, पोरगेलेसे, सारखा चष्मा पुसतात ते, म्हणाले, "जमनाबाई, सगळं नीट आठवून ठेवा, एकसारखं सांगायचं." म्हणून तुझ्यावर तालीम करते. तू तिथे होतीस. चुकलं तर सांग.

आपण फुग्याच्या कारखान्यात जोडीने टब उचलायचो. टाकीत फुगे धुतले की टबात भरायचे, एक कडी तुझ्या हातात, एक माझ्या, अन् न्यायचे सुकवायच्या खोलीत. देवेश वकील सांगतात, कोर्टात हे सांगाल तेव्हा हसू नका. मी नाय हसणार, ते लोक हसतील. फुग्याने बाईची कंबर मोडली म्हटल्यावर कोण हसणार नाय? ओल्या फुग्याचा टब एकदा त्यांच्या हातात द्यायला पाहिजे. माझा माणूस गेला तेव्हा तोसुद्धा एवढा जड नव्हता.

शिमग्याच्या आधीचे दिवस, गेल्या वर्षीचे. ऑर्डर मोठी होती. फरशीवर ती पांढरी पावडर सांडलेली, वर पाणी. त्याचा चिखल झाला की शेवाळ बरं. मी उलटी चालत होते, तू सुलटी, कारण तू म्हणायचीस तुला उलटं चालता येत नाय. माझा पाय गेला. मी उताणी पडले, टब माझ्या पोटावर. खाली टाकीचा कठडा होता. आवाज आला. तू म्हणालीस, "जमने, टबाचा आवाज आला." मी म्हटलं, "नाय, माझा."

बरोबर ना?

दिपक सुपरवायझर आला. म्हणाला, "घरी जाऊन पड, सोमवारी ये." दवाखान्यात नेलं नाय. तूच रिक्षात घालून घरी आणलंस. अन् मग आपण जे करतो तेच केलं. दवाखाना कशाला, तुझी सासू होती ना! बायजीने अख्ख्या पाड्याच्या कमरा डागलेल्या. चुलीत सळई लाल केली. तिच्या सळईचं टोक वाकवलेलं होतं अन् एका बाजूने तुटलेलं, म्हणून तिचा डाग चंद्रकोरीसारखा उठायचा. मला पालथी टाकली. तू माझे दोन्ही हात धरून डोक्याशी बसलीस. तीन डाग नीट बसले. चौथ्याला मी उसळले.

पुढचं मी देवेश वकिलांना सांगितलं नाय. पुढचं तुझं तुला माहीत.

आता गंमत ऐक. विम्याचा डॉक्टर आला होता मला तपासायला, सहा महिन्यांनी. पाठ बघून म्हणतो, "मावशी, हे डाग म्हणजे तुमचं दुखणं जुनं आहे. तुमच्याकडे वर्षानुवर्षं कंबर दुखली की डागतात." मी म्हटलं, "दादा, हे पडले त्याच संध्याकाळचे." तो म्हणाला, "दिसतात जुने." अरे, सहा महिन्यांनी आलास तर जुनेच दिसणार, तुझ्यासाठी ओले ठेवू काय? पण त्याने तेच लिहून दिलं. कंपनी म्हणते, बाईची कंबर आधीच गेलेली, पडली असेल घरी. आता सगळी केस त्या डागांवर येऊन बसलीय. आधीचे की नंतरचे. बायजी तर गेली पावसाळ्यात. सांगणारं एकच माणूस उरलं.

मी देवेश वकिलांना म्हटलं, माझी सोमी सांगेल. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "सोमीबाई कंपनीकडून साक्षीला येणार आहेत."

मला आधी वाटलं त्यांचं काहीतरी चुकलंय.

नविन कंपनीच्या तलासरीच्या नव्या शेडमध्ये सुपरवायझर झाला असं ऐकलं. खरंच आनंद झाला. लहानपणी माझ्याच घरात गूळ चोरायचा, आता कामावर चोरी पकडेल. त्याला सांग, मावशीने विचारलंय, पेढे कुठे आहेत.

तारखेला येशील तेव्हा भेटूच. येताना ती नवी साडी नेस, कोर्टात जरा उजेड पडेल.

तुझी जोडीदारीण,
जमना


वाणगाव,
३ डिसेंबर २०१७

सोमी,

सगळ्यांना नमस्कार आशीर्वाद मागच्या पत्रातले वापर. नवे नायत.

ठाण्याहून आले ती अजून अंग उचलत नाय. देवेश वकिलांनी इको गाडी केलेली. मागच्या सीटवर मला पालथी टाकली अन् नेली, बाजाराला मासळीची पाटी नेतात तशी. मनोरच्या पुढे खड्डे लागले तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, मासळी शिळी झाली तर भाव मिळत नाय, हळू चालव." तो बिचारा हसला अन् मग सगळा वेळ आरशात माझ्याकडे बघत हळू चालवत गेला.

कोर्टात मला बाकावर टेकून उभी केलेली, तू बघितलंस. तू बघितलंस की नाय? माझ्याकडे तर बघतच नव्हतीस. मी मात्र तुला पोटभर बघून घेतलं. जाडी झालीस. बरं दिसतं.

जजसाहेबांनी मला विचारलं, "फुग्याचं वजन ते काय असणार?" कंपनीचा वकील हसला. दिपक सुपरवायझर मागे बसलेला, तो हसला. मीसुद्धा हसले, सवयीने. देवेश वकिलांनी नंतर रागावून सांगितलं, तिथे हसायला नको होतं.

मग तुला उभी केली. तू म्हणालीस, "जमनाची कंबर आधीपासून दुखायची. डाग जुने आहेत, लग्नाच्या आधीचे. मी तिला नदीवर अंघोळ करताना बघितलेत." किती नीट बोललीस गं! शाळेत कविता म्हणायला उभी राहिलीस की दुसऱ्या ओळीला रडायचीस. इथे एक शब्द अडला नाय. किती दिवस पाठ करत होतीस? भांडी घासताना करत होतीस?

मी तुझ्या तोंडाकडे बघत नव्हतेच. तुझ्या हाताकडे बघत होते. उजव्या हातात मनगटापासून वरपर्यंत हिरव्या बांगड्या, जशा लग्नात भरतात तशा. कोणाचं लग्न नाय, सण नाय. कामावर जाताना तू दोनच घालायचीस, टबात फुटतात म्हणून.

चौथ्या डागाला मी उसळले, तू माझे हात पाठीवर दाबलेस, तेव्हा बायजीची सळई माझ्या पाठीवरून घसरली अन् तुझ्या मनगटावर बसली. मला मांस जळल्याचा वास आला तो माझा नव्हता. तू ओरडली नाहीस. माझे हात सोडले नाहीस. बायजी म्हणाली, "सोड गं, तुझा हात बघ," तर तू म्हणालीस, "आधी हिचं होऊ दे." दुसऱ्या दिवशी फडकं बांधून तू कामावर गेलीस, अन् दिपक सगळ्यांच्या समोर म्हणाला, "काय सोमीबाई, नवऱ्याने चटका दिला की चपातीने?" त्यानेच मलम लावलं. तूच मला येऊन सांगितलंस, हसत.

तोच दिपक मागे बसलेला. तीच तुटक्या टोकाची चंद्रकोर, माझ्या पाठीवर तीन अन् तुझ्या मनगटावर एक. एकाच संध्याकाळची. "हिला बांगड्या वर सरकवायला सांगा," एवढंच म्हणायचं होतं. मग दिपकला विचारायचं, हा चटका कधीचा? कारखान्यात सगळ्या बायांना माहीत आहे कधीचा.

देवेश वकील माझ्याकडे वाकून म्हणाले, "जमनाबाई, हिला विचारण्यासारखं आणखी काही आहे?"

तेव्हा तू बघितलंस माझ्याकडे. पहिल्यांदा. डावा हात उजव्या मनगटावर ठेवलास.

मी म्हटलं, "नाय."

आता तू म्हणशील, जमनाचं मन मोठं. मोठं बिठं काय नाय. गाडीत येताना मी तुला एवढ्या शिव्या दिल्या की ड्रायव्हरने गाणी लावली. तुझ्या पडवीतली सगळी अंडी आता मीच खाणार आहे, भाड्याचं नाव काढू नकोस. पण मला ते जमलं नाय, सोमी. माझा माणूस गेला तेव्हा माझ्या बांगड्या फोडायला बाया आल्या. तू त्यांना बाजूला सारलंस अन् एकेक बांगडी तेल लावून काढलीस, एकही फुटू दिली नाहीस. तुझ्या हातातल्या बांगड्या कोर्टात सरकवायला मी सांगायचं? जो हात भाजत होता तरी माझ्या हातातून सुटला नाय, तोच ओढून दाखवायचा? तोंडापर्यंत आलं अन् गिळलं. दुसरा पाय त्याच घोटाबरोबर गेला हे मला कळतंय. मला वेडी समजू नकोस.

माफ केलं असंही समजू नकोस. ते वेगळं.

निकाल जानेवारीत आहे. देवेश वकील म्हणतात, आशा ठेवू नका. त्यांना मी मनगटाचं अजून सांगितलं नाय. सांगणारही नाय. तुझं मनगट आहे, तुझ्याजवळ ठेव. निकालाच्या आधी तुला ठाण्याला जावंसं वाटलं तर वाट तुला माहीत आहे.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण नविन तुला सांगणार नाय म्हणून मीच सांगते. निर्मला कामाला लागलीय. घरात कोणी कमावणारं नाय, मी तिला अडवू शकले नाय. सकाळी कंपनीचा टेम्पो येतो, तलासरीला जातो. फुग्याच्याच कामाला, टबावर. नविनच्याच हाताखाली. तो तिला ताई म्हणतो, चांगलं वागवतो, ते खोटं नाय सांगणार. तिच्यासमोरची कडी बोईसरकडची एक पोरगी धरते, नवी आहे, घाईत चालते. निर्मला उलटी चालते. मी विचारलं, "तू का उलटी?" तर म्हणाली, "तिला उलटं चालता येत नाय, आई."

संध्याकाळी ती घरी येते तेव्हा मी आधी तिच्या चपला बघते. तळव्याला पांढरी पावडर असते, ओली.

म्हणून साक्षीचं राहू दे. माझं एवढं एक काम कर. नविनला सांग, टाकीपासून सुकवायच्या खोलीपर्यंत फरशीवर गोणपाट टाक. भाताच्या रिकाम्या गोण्या तुझ्या बंद घराच्या पडवीत माळ्यावर पडल्यात, मी इथून बघते रोज. निर्मला टेम्पोत घालून आणेल. खर्च काय नाय. आई सांगते म्हटल्यावर तो ऐकेल. तुझं तरी ऐकेल.

तेवढं झालं की निर्मलाच्या हाती निरोप दे, दोन शब्द, भांडी घासून झाल्यावर.

तुझ्या टबाची दुसरी कडी,
जमना