पिवळ्या डोळ्यांचा तोतया

पेनिडा बेट, ३ मे

श्रीमत्सकलविहंगविद्यापारंगत, यवद्वीपभूषण, पीतनेत्रसाळुंकीप्रतिपालक, लवंगविडीचक्रवर्ती, अस्मद्भगिनीपती दाजी विर्यादी यांस नेंगाहचा सा. न. वि. वि.

येथे क्षेम नाही. ग्रामसभेने देवळात संकल्प सोडून नीलनेत्र शुभ्र साळुंक्यांचे जोडपे देवास अर्पिले. त्यांस धरील तो देवाचा चोर. तथापि नर अदृश्य झाला आहे. मादी अंड्यांवर एकाकी. ती दाणे टिपावयास जाताच तोके पाल ढोलीत डोकावते. नर पौर्णिमेपर्यंत न परतल्यास देव अप्रसन्न समजून मादीस पैलगावी धाडावे, असे वृद्धांचे मत पडले. मी त्या पक्ष्यांचा रक्षक; मान वर होत नाही.

आपल्या काळपंख्या साळुंक्या आमच्या राजकुलाच्या दरिद्री मामेबहिणी होत, हे मत मात्र शोकातही अबाधित आहे.

ममता उणावू नये, ही प्रार्थना.

आपला नेंगाह


बान्युवांगी, ७ मे

ब्ली, म्हणजे थोरले बंधू, नेंगाह यांस, सा. न. वि. वि.

तुमचं राजकुल दरिद्री मामानं सोडवलंय. काल एकजण काळपंखी विकायला आला. डोळ्यांभोवती पिवळं, पंख काळे, तुरा आखूड, सगळं आमच्यासारखं. पण पाय राखाडी! आमच्या काळपंखीचे पाय पिवळेजर्द असतात. विचारलं, तर म्हणाला, पक्षी म्हातारा झालाय. मी म्हटलं, मग माझे पाय कसे नाही झाले राखाडी. ओलं बोट डोळ्याभोवती फिरवलं; हळद निघाली, खाली निळं. पंखांना केसांचा कलप, तुरा कातरलेला. पायातलं कडं तुमच्याच गावचं. बोलण्यात गुंतवून वनरक्षकांना बोलावलं. त्यांच्या परवानगीनं उद्या मी स्वतः पक्षी घेऊन निघतो. तोवर वृद्धांना थोपवून धरा.

जीव लावता, तसाच लावत राहा.

तुमचा विर्यादी


पेनिडा बेट, १४ मे

चौर्यकर्मविध्वंसक, पादवर्णपरीक्षक, सांप्रत अस्मत्कुलदैवततुल्य दाजींस अनेक साष्टांग नमस्कार वि. वि.

आपली बोट सुटल्यावरचा वृत्तांत. कृष्णपंख पतीस पाहून मादीने प्रथम चोच उगारली. मग त्याने उरलासुरला तुरा फुलवून उठाबशा काढल्या, गळा फाडला; तिने ढोलीची वाट सोडली. आज प्रातःकाळी आत पिल्लांचा कलकलाट झाला. गमेलानच्या झांजा-घंटा वाजल्या, वृद्धांनी तांदूळ उधळले, आणि मादीस पैलगावी धाडावे असे आपण म्हणालोच नव्हतो, असे एकमुखाने सांगितले. मी छाती काढून हिंडतो आहे. आपल्या काळपंख्यांसही आपल्या गावी असेच अभय मिळावे, म्हणून आमचे पुरोहित स्वतः येऊन बोलणार आहेत. ‘मामेबहिणी’ हा शब्द मी सभेत मागे घेतला, त्या सख्ख्या.

स्नेहाचा हा वेल उभयतीरी असाच बहरावा.

आपला नेंगाह

ता. क. भगिनीने आपल्यासवे धाडलेले कोळंबीचे वाटण, धक्क्यावरून घरी आणताना बरणी फुटून, माझ्या पूजेच्या पागोट्यास लागले. दोनदा धुतले, लिंबू चोळले, उन्हात टाकले. पुरोहित अजूनही माझ्यापासून चार हात दूर बसतात. उपाय त्वरित कळवावा. परवा पुन्हा पूजा आहे.