शंभराव्या दिवसाचं पान

प्रिय दादा,

तुला हसू येईल, पण तुझी ठमी त्रेचाळिसाव्या वर्षी वेबसाइट बनवायला शिकली. मोज्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं मी सुटलेले टाके शोधत होते. आता ते काम कॅमेरा करणार, आणि तो मेला चहालाही उठत नाही. तीन महिन्यांनी काम बंद, असं पत्र हातात पडलं त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खुर्चीवर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं: शंभर दिवस, रोज एक तास, वेब प्रोग्रामिंग. एक दिवस जरी चुकला तरी इथेच येऊन कबूल करीन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण न सांगता केलं असतं तर आठव्या दिवशीच सोडलं असतं, तू मला ओळखतोस.

वहिनीने तुझा लॅपटॉप दिला. तिला तो उघडवत नव्हता. रोज काय शिकले ते मी एका पानावर लिहायचे आणि पानाखाली कमेंटची चौकट ठेवली होती. लिंक सगळ्यांना पाठवली. अकरा दिवस चौकट कोरी. बाराव्या दिवशी कामावरून आले तर तिथे लिहिलेलं होतं, ब्रॅकेट उघडलंस की आधी बंद कर, मग आत लिही. खरंच माझं एक ब्रॅकेट उघडं राहिलं होतं आणि त्यापायी सगळं पान वाकडंतिकडं दिसत होतं. त्यानंतर रोज काहीतरी असायचं. कधी चूक दाखवलेली, कधी नुसतंच ‘वाचलं. ४.१५’. नाव नाही, पण वेळ कायम तीच. मला वाटलं, आमचे सुपरवायझर असतील, तोंडावर कौतुक करायला लाजत असतील. मी त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसायचेसुद्धा. बिचारे गोंधळून जायचे.

एकसष्टाव्या दिवशी जेवताना मी सगळ्यांचे आभार मानले. मग पॅकिंगमधल्या मावशींनी सांगितलं, की अगं, तुझं पान आमच्यातल्या कुणाच्याच फोनवर कधी उघडलं नाही, तुझा हिरमोड नको म्हणून बोललो नाही. संध्याकाळी मी जिथे शिकते त्या क्लासच्या सरांना विचारलं तर ते आधी हसले. मी सगळ्यांना पाठवला तो पत्ता लॅपटॉपच्या आतलाच होता, नवशिक्यांची नेहमीची चूक. ते पान त्या लॅपटॉपशिवाय कुठेच उघडणार नव्हतं. मग मी कमेंट दाखवल्या आणि ते हसायचे थांबले. वहिनीची ठेव म्हणून दिवसा मी लॅपटॉप बंद करून कपाटात कुलपात ठेवते. किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

घरी येऊन शाळेच्या जुन्या वह्या काढल्या. आईबाबांना वाचता यायचं नाही, म्हणून माझे निबंध तू तपासायचास. प्रत्येकाखाली पेन्सिलीने ‘वाचलं’ आणि घड्याळात बघून वेळ. कॉलेजातून सव्वाचारला यायचास ना. मला भीती वाटली, दादा, खोटं कशाला सांगू. आणि तुझी भीती वाटावी याचंच जास्त रडू आलं. दोन वर्षांपूर्वी तुला स्मशानात पोचवून आले तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. त्याच संध्याकाळी मी चौकटीत विचारलं, तू आहेस का. तेव्हापासून चौकट कोरी आहे. एकोणचाळीस दिवस झाले. विचारायला नको होतं.

आज शंभरावा दिवस. उद्या एका छोट्या ऑफिसात मुलाखत आहे. त्यांना माझं पान बघायचंय, म्हणून संध्याकाळी सर ते खऱ्या इंटरनेटवर चढवतील आणि लॅपटॉप वहिनीकडे परत जाईल. मग ते कुणालाही उघडता येईल, पण तुला येता येईल की नाही, मला माहीत नाही. तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मी शाळेत एक निबंधसुद्धा कुणाला दाखवला नाही, म्हणून आजचं पान म्हणजे हे पत्र. चार वाजलेत. आता लॅपटॉप मिटून, कपाटाला कुलूप लावून मी बाहेर पायरीवर बसते. साडेचारला येऊन उघडीन. या वेळी काही विचारत नाही. फक्त एक ब्रॅकेट मुद्दाम उघडं ठेवलंय.

(तुझीच,
ठमी

)
वाचलं. ४.१५