माझ्याआधी परतलेली

सोमवार
पोचले एकदाची! वरच्या मजल्यावरची खोली लहान, पण लख्ख. खिडकीतून थेट रानवाट दिसते. कॅलेंडरसाठी धुक्याचे फोटो हवे होते, आणि इथे तर आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! घरमालकीण एकटीच राहते, बोलघेवडी. पहिल्या तासातच मला मावशी म्हण म्हणाली. नवऱ्याला फोन केला. शनिवारी गाडी घेऊन न्यायला येतो म्हणाला, तोवर आमची आठवण काढायला सवड मिळाली तर बघ.

मंगळवार
उजाडायच्या आत वाटेवर. ऊन झाडांमधून तिरपं उतरलं आणि धुक्यात त्याच्या पट्ट्याच पट्ट्या पडल्या. कॅमेऱ्याची काच सारखी दमट होत होती, मऊ फडक्याने पुसत बसले. धुकं विरेपर्यंत हलले नाही. परतले तर मावशी म्हणाल्या, पुन्हा चहा? मघाशी तर पिऊन वर गेलीस. मी हसून सोडून दिलं. वय झालंय बिचारीचं.

बुधवार
ओट्यावर उष्टा कप. मावशी तर चहाला शिवतही नाहीत. वर गेले तर माझी गादी कोमट. जिन्यावर ओली पावलं, सगळी चढणारी. उतरणारं एकही नाही. पाणी कुठेतरी मुरतंय. मी बाहेर पडले की बाई माझी खोली कुणाला वापरायला देतात? कुलूप बदलून मागितलं, तर टकामका बघत राहिल्या. म्हणाल्या, तूच सकाळी म्हणालीस ना, कुलूप कशाला लावू, घरचीच माणसं.

गुरुवार
सगळं सांगायला नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, अगं, सकाळीच तासभर बोललो की. मावशींच्या फोनवरून तूच तर केलास. किती दिवसांनी एवढं गोड बोललीस!
सकाळी मी वाटेवर होते.
त्याला पटेना. उलट विचारलं, तुझा आवाज असा लांबून का येतोय?
बाईंनी कुणाला तरी माझी नक्कल करायला बसवलंय. उद्या रंगेहाथ पकडते.

शुक्रवार
फोटो काढायला नाही, पाळत ठेवायला गेले. झाडाआड उभी राहिले. धुकं दाटलं. मागून कुणीतरी आलं, अगदी जवळून पुढे गेलं, घराकडे. माझं जाकीट. माझी चाल. वेणीही माझी.
धावले. दाराला आतून कडी. मावशी खिडकीतून म्हणाल्या, कोण गं बाई तू? आमची पोरगी वर झोपलीय, आरडाओरडा करू नकोस.
वरची खिडकी उघडली. तिने मला पाहिलं. दचकली नाही.
फोन लागत नाही. वही पिशवीत होती म्हणून निदान—

शनिवार
ऊन पडलंय. घरावर, रस्त्यावर. धुकं फक्त माझ्याभोवती.
गाडी आली. तो उतरला. ओरडते आहे— इकडे बघितलं त्याने. माझ्यातून पलीकडे, झाडांकडे.
ती बाहेर आली. माझी बॅग. मावशींनी तिला पोटाशी धरलं. तो हसतोय. दार उघडून धरलंय—
बसली. काच खाली. मला बघून हात हलवतेय, अरे, बघ ना, ती—
पळायला हवं. पायाखाली वाट लागत नाही. पेन चालतंय, दिसतंय मला. पण ते धरलेला हात—