तांदळात सोडलेलं नाव

११ डिसें.
आधी एकेकाची खुशाली मांडते, म्हणजे मन जागेवर येईल. ह्यांचा खोकला तसाच, काढा नको म्हणतात. सूनबाई प्राचीचे टाके अजून ओले, तरी धीराची, दूध काढून देते. अवि घर-नगर-घर करतोय, पोराची गालफडं बसली. माझे गुडघे माझ्यापाशी. आणि बाळ, आमची नात, नगरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत. दिवस भरायच्या आधीच आली. डॉ. म्हणतात, वजन धरू द्या.

१३ डिसें.
राजूरहून माझा दादा आला. ह्या वयात, एस.टी. बदलत. दवाखान्याच्या जिन्यातूनच हाक, "सेराफिने, कुठं हायेस गं?" सगळे वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात 'सुमन' लिहिलं, तेव्हापासून ते नाव दादाखेरीज कुणाच्या तोंडी नाही. अविलासुद्धा ठाऊक नव्हतं.
प्राचीनं दादाला कॉटपाशी बसवून सगळं काढून घेतलं. दादाच्या पाठची दोघं गेली, मग मी, निळी पडलेली. मिशनच्या दवाखान्यात इटलीची एक सिस्टर होती, तिनं मला उबेला धरून जगवलं. आईनं तिचंच नाव ठेवलं. लोक दगडू-धोंडू ठेवतात ना, तसंच हे. परकं नाव, म्हणजे सटवाईला पोर ओळखूच येऊ नये.
प्राची म्हणाली, "आई, हिलाही तेच ठेवू. पण तुम्ही हो म्हणालात तरच."
मी चहा आणायला उठले.

१४ डिसें.
कर्जतहून लेकीचा, मंगलचा फोन. आत्या तीच, बारशाला कानात नाव तिनंच सांगायचं. ती ठाम नाही म्हणते. "उद्या वहिनी चिडली की तुझ्याच नावानं पोरीला धपाटा घालेल. मला न्हाई ऐकवायचं ते." वर शाळेत पोरं चिडवतील, हेही. खरंय. मला काय कमी चिडवलं?
ह्यांना विचारलं. "तुझं नाव, तू बघ," म्हणून खोकत बसले. जन्मभर मला 'अगं' म्हणत आले. ह्यांना कुठलंच नाव लागलं नाही.

१६ डिसें.
वजन उतरलं. डॉ. नुसता कागद बघून पुढं गेले, त्याचीच भीती वाटते. चूल पेटवली नाही, शेजारून भाकरी आल्या. घास फिरतोय तोंडात.
मनातलं कुणाला सांगू. त्या नावानं मला राखलं, आणि मी ते मांडवात तांदळात सोडून आले. सोडलेलं नाव पुन्हा राखतं का? आणि दिलं, नि तरीही काही...
नको.

१८ डिसें.
आज मला पेटीपाशी जाऊ दिलं. वरच्या चिठ्ठीवर नुसतं 'प्राचीचं बाळ'. हात धुऊन आत घातला. तिनं बोट धरलं, एवढंसं. तोंडून आपसूक निघालं, सेराफिना. माझ्या आवाजात पहिल्यांदाच ऐकलं. स्वतःला कोण हाक मारतं?
नर्स म्हणाली, "छान आहे की. लिहू का वर, आजी?"
म्हटलं, थांब बाई जरा.
प्राची काचेतून बघत होती. विचारलं नाही तिनं. शहाणी आहे.

१९ डिसें.
वजन कालच्याएवढंच. उतरलं नाही, हेही खूप. फार थकलेय, पण दादाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून चिठ्ठी धाडते. धाडली ती अशी:
दादा, पोचलास ना नीट? कमरेला शेक घे. एकच विचारते, तुला आठवत असेल. आईनं मला ते नाव मी निळी होते तेव्हा ठेवलं, का जगले त्यानंतर? जसं असेल तसं सांग, माझ्या समाधानासाठी बदलू नकोस. पेटीवरच्या चिठ्ठीत अजून नुसतं 'प्राचीचं बाळ' आहे. लवकर लिही.